आपत्कालीन दारातून वकील गेला

ती. वन्सं,

तुमच्या पायांशी, तुमची तिन्ही कुत्री जेवढी जागा सोडतील तेवढ्या जागेत बसून, माझा नमस्कार.

इकडे आम्ही तिघंही ठीक आहोत (तिसरा कोण ते खाली येईलच). तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की डॉक्टरांनी जिने चढायला सक्त मनाई केली आहे, आणि त्याच पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की गच्चीवर वारा फार आहे, कागद उडतोय, म्हणून आवरतं घेते. मधल्या कुत्र्याचा कान बरा झाला का? थोरल्याच्या भुकेची आणि धाकटीच्या स्वभावाची चौकशी करत नाही, कारण त्यात आता फरक पडायचा नाही असं तुम्हीच कळवलं होतं.

सोबतच्या पार्सलात तुमच्या सत्तरीची भेट म्हणून एक चादर आहे. निळी आहे, धुतली तर रंग जात नाही, एवढंच तिच्याबद्दल सांगण्यासारखं. ज्या माणसाने तुमच्या भेटीचा पाच महिने विचार केला, वही भरली, दुकानदारांशी वैर घेतलं, त्याच्याकडून शेवटी चादर यावी याचा खुलासा करणं मला भाग आहे. हे पत्र त्यासाठीच आहे. गुडघा दुखत असेल तर बसून वाचा, कारण ते लांबणार.

तुमचे बंधू मागच्या वर्षी कारखान्यातून सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झाले हे तुम्हाला माहीत आहेच. पहिले दोन महिने ते खुर्चीत बसून भिंतीकडे बघत. (मी एकदा विचारलं, काय बघता? म्हणाले, तडा आहे का बघतोय. तडा नव्हता.) तेवढ्यात समोरच्या टायपिस्टबाई लेकाकडे राहायला गेल्या. लेकाच्या इमारतीत कुत्र्यांना मनाई, म्हणून बाईंचा कुत्रा आमच्याकडे आला. पिवळट, मध्यम उंचीचा, एक कान उभा आणि एक पडलेला. त्याचं नाव वकील. कोणीही काहीही बोललं की हा त्यावर काहीतरी बोलतो, शेवटचा शब्द स्वतःचा ठेवतो आणि मग झोपतो, म्हणून बाईंनी ते ठेवलं होतं. तुमच्या बंधूंनी पहिल्या दिवशी लांबून बघून सांगितलं, हा कुत्रा धोका आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, हा कुत्रा धोक्यात आहे. त्या दिवसापासून त्यांनी भिंतीकडे बघणं सोडलं.

आधी घराची तपासणी झाली. चौसष्ट धोके निघाले, त्यांतले नऊ माझ्या स्वयंपाकघरात आणि चार खुद्द माझ्यात. कांदा, द्राक्षं, चॉकलेट, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, पडदे शिवायच्या मशीनची वायर, पायपुसण्याची सुटलेली झालर, सगळं वहीत चढलं. (द्राक्षं कुत्र्याला विषासारखी असतात हे तुम्हाला ठाऊक असेलच, मला नव्हतं, आणि आता विसरायची सोय नाही, कारण फळांच्या टोपलीवर तशी पाटी आहे.) पाट्या सगळीकडे लागल्या. त्या कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हव्यात असा त्यांचा आग्रह, त्यामुळे घरी येणारा प्रत्येक जण दारात ओणवा होऊन वाचू लागला आणि नवख्या माणसाला वाटायचं की आमच्याकडे यायची हीच रीत आहे. पाट्या लाल रंगात होत्या. जनावरांच्या डॉक्टरीणबाई एकदा येऊन गेल्या, त्यांनी सांगितलं की कुत्र्यांना लाल रंग नीट दिसत नाही, पिवळा आणि निळा दिसतो. तुमच्या बंधूंनी चौदा पाट्या पुन्हा रंगवल्या. कुत्र्याला वाचता येत नाही हे बाईंनी सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. माणूस चार दिवस आनंदात रंगवत होता.

मग गळ्यातला बिल्ला. बिल्ल्यावर नाव आणि फोन पुरतो असं जग मानतं. तुमच्या बंधूंनी सात बिल्ले केले: नाव, पत्ता, फोन, शेजारचा फोन, डॉक्टरीणबाईंचा फोन, टोचलेल्या लसींच्या तारखा, आणि सातव्यावर ‘मागे पाहा’. त्या वजनाने वकिलाची मान खाली गेली. रस्त्यात लोक विचारू लागले, ह्याच्या घरी कोणी गेलं का? शेवटी डॉक्टरीणबाईंनी सहा बिल्ले स्वतःच्या हाताने काढून खणात टाकले.

याच सुमारास तुमच्या सत्तरीची गोष्ट निघाली. ताईला कुत्र्यांची आवड, तेव्हा भेट कुत्र्यांच्या संदर्भातलीच हवी, हे ठरलं. आम्ही भेटवस्तूंच्या मोठ्या दुकानात गेलो. तिथे श्वानप्रेमींसाठी एक अख्खी भिंत आहे. पंजे छापलेले पेले, कुत्र्याच्या तोंडाची उशी, शेपटीला किल्ल्या अडकवायचं लाकडी कुत्रं, दाबलं की किंचाळणारी रबरी कोंबडी. मी पेल्यावर समाधान मानलं असतं. तुमच्या बंधूंनी खिशातून वजनाचा छोटा काटा काढला, एका कापडी अस्वलाच्या डोळ्याला अडकवला आणि ओढून बघितलं. डोळा निघाला. ‘धाकटीने हा गिळला असता,’ ते दुकानदाराला म्हणाले. दुकानदाराला वाटलं आमची धाकटी मुलगी. त्याने घाईघाईने माफी मागितली, दुसरं अस्वल दिलं. त्याचाही डोळा निघाला. मग कोंबडीच्या पोटातली शिट्टी निघाली. लाकडी कुत्र्याच्या पाठीतून चार लोहचुंबक निघाले. (दोन गिळले तर आतड्यात एकमेकांना शोधतात म्हणे. हे त्यांनी दुकानात उपस्थित सगळ्यांना हाताच्या खुणांनी समजावलं. एक बाई हातातली कोंबडी ठेवून निघून गेल्या.) अर्ध्या तासाने दुकानदार नम्रपणे म्हणाला, ‘काका, तुम्ही काय घेणार आहात ते सांगा, नाहीतर माझं सगळं दुकान तरी घ्या.’ आम्ही काहीच घेतलं नाही. घरी येताना मात्र त्यांच्या चालण्यात उत्साह होता.

भेट घरीच करायचं ठरलं: कुत्र्याचं जाकीट. अंधारात चमकणारे पट्टे, पोटाखाली पट्टी, गुंडी नाही, बटण नाही, गिळण्यासारखं काही नाही. नमुना म्हणून त्यांनी स्वतःचं कारखान्याचं नारिंगी जाकीट मला कापायला दिलं. मी विचारलं, नक्की? ते म्हणाले, पडूनच आहे. मी वकिलाच्या मापाचं शिवलं. पाठीवर कारखान्याचं नाव छापलेलं होतं, तो तुकडा वगळता येईना, तेव्हा ते तसंच राहिलं. वकिलाला ते इतकं आवडलं की काढायला गेलं की तो वाद घालायचा. मग तुमच्या तिघांची तीन शिवली (नव्या कापडाची). थोरल्याच्या पोटाचं माप तुम्ही कळवलं होतं ते मला खोटं वाटलं, म्हणून चार इंच जास्त धरले.

आता मुख्य गोष्ट. कारखान्यात जशी आगीची तालीम व्हायची तशी आमच्याकडे दर शनिवारी सकाळी अकराला होऊ लागली. तुमचे बंधू शिट्टी वाजवत. शिट्टी झाली की मी मशीन बंद करायचं, गॅस बंद करायचा आणि बाहेर पडायचं. वकिलासाठी त्यांनी फाटकाच्या खालच्या भागात एक छोटं झुलतं दार बसवलं होतं. आपत्कालीन दाराला कधी कुलूप लावायचं नसतं आणि ते बाहेरच उघडायचं असतं, हा नियम; म्हणून ते आतून ढकललं की उघडे आणि बाहेरून मुळीच उघडत नसे. आमच्या भिंतीला लागून बसथांबा आहे, त्याच्या बाकाखाली जमायचं. तिथे हजेरी होई. वकील नव्वद सेकंदांचं काम अकरा सेकंदांत करू लागला. माझी वेळ (गुडघे माझेही आहेत) दर आठवड्याला वहीत लाल शाईने लिहिली जाई.

त्या मंगळवारी दुपारी दीड वाजता मी कुकर लावला. तुमचे बंधू बाजारात गेले होते, फाटकाला आणखी एक कडी आणायला. मी मशीनवर. कुकरची शिट्टी झाली. एवढ्यावर तुम्हाला सगळं कळलं असेल, वन्सं. मला मात्र बटाटे उकडले एवढंच कळलं.

वकील बाकाखाली जाऊन बसला असणार. हजेरी घ्यायला कोणी आलं नाही. परत यावं तर दार बाहेरून उघडत नाही. तेवढ्यात दुसऱ्या पाळीची बस आली. पुढचा रस्ता नळासाठी खणल्यापासून कारखान्याची माणसं आमच्या थांब्यावरच उतरतात आणि रांगेने चालत जातात. तीस-चाळीस माणसं, सगळ्यांच्या अंगात नारिंगी जाकीट. वकिलाच्याही अंगात नारिंगी जाकीट. तो रांगेत शिरला.

हे आम्हाला नंतर कळलं. सव्वादोनला तुमचे बंधू कडी घेऊन आले, तेव्हा घरात फक्त उकडलेले बटाटे आणि मी होते. आधी ते अगदी नियमाप्रमाणे वागले. आरडाओरडा नाही. मला फोनपाशी बसवलं, शेवटचं कोणी कुठे पाहिलं ते लिहून घेतलं, आणि बाहेर पडले. खिडकीतून बघितलं तर पायात चपला नव्हत्या. वन्सं, या माणसाने एकतीस वर्षं कुणाला अनवाणी मोरीतही जाऊ दिलेलं नाही.

मला फोनपाशी बसवेना. शेजारणीला फोनवर बसवून मी मागोमाग गेले. लाँड्रीवाला, बेकरी, शाळेचं मैदान, सगळीकडे विचारून झालं. नळाच्या खड्ड्याजवळ गेले तर हे कडेला पोटावर पालथे, डोकं खड्ड्यात, आणि ओरडतायत, ‘वकील! अहो वकील! आहात का?’ (काळजीत असले की ते त्याला अहो-जाहो करतात.) दोघं जण दोर घेऊन धावत आले. कुत्रा आहे असं कळल्यावर त्यांतला एक जास्तच जोरात धावला. म्हणाला, मला वाटलं खरंच वकील पडलाय. खड्ड्यात कोणीच नव्हतं.

चारच्या सुमारास ते बसथांब्याच्या बाकावर येऊन बसले. गुडघ्याला माती. मी शेजारी बसले. मग तेच म्हणाले, ‘दार मीच बसवलं.’

मी म्हटलं, ‘सापडेल.’

‘एकतीस वर्षांत एक बोट गेलं माझ्या हाताखाली. आणि आता हा.’

आता तुम्हाला एक सांगायचं आहे जे आम्ही तुमच्यापासून लपवलं. त्यांच्या निरोपसमारंभाला ते गेले नव्हते, आणि तुम्हाला कळवलं होतं की ताप आला. ताप नव्हता. निवृत्तीच्या अडीच महिने आधी लेथवरच्या एका कामगाराचं बोट गेलं. चौकशी झाली. यंत्रावरचं संरक्षक झाकण त्या माणसाने स्वतःच काढून ठेवलं होतं, यांचा काडीचा दोष नव्हता, तसं लेखी मिळालं. पण समारंभाच्या दिवशी हे इस्त्रीचा सदरा घालून, बूट चढवून, खुर्चीत बसून राहिले आणि उठलेच नाहीत. त्यानंतर कारखान्याच्या रस्त्याने ते कधी गेले नाहीत. भाजीलाही लांबून वळसा. मला वाटायचं, ते बोट त्यांच्या डोक्यातून गेलं असेल. ते कुठे जातंय.

तेवढ्यात शेजारीण फाटकातून ओरडली, फोन! मी धावले. पलीकडून कारखान्याचा पहारेकरी बोलत होता. म्हणाला, ‘बाई, तुमच्याकडचं एक जाकीट आत आलंय.’ मी म्हटलं, कुठलं जाकीट? म्हणाला, ‘आत कुत्रा आहे त्याच्या.’ (सातांपैकी फोनचा बिल्ला डॉक्टरीणबाईंनी ठेवला होता. त्यांचं भलं होवो.) तुम्ही त्याला आत सोडलंतच कसं, असं मी विचारलं. तो जरा दुखावला. म्हणाला, मी रांगेतली जाकिटं मोजतो. एक जास्त भरलं, आणि त्याला टोपी नव्हती, म्हणून पाहुणा म्हणून नोंद करून सोडलं.

आम्ही गेलो. तुमचे बंधू त्या रस्त्याने निवृत्तीनंतर पहिल्यांदा चालले, आणि तेही अनवाणी. फाटकापाशी पहारेकऱ्याने त्यांना ओळखून कडक सलाम ठोकला आणि तसाच आडवा उभा राहिला. ‘साहेब, माफ करा. पायात काही नसताना आत सोडता येणार नाही. नियम तुमचाच आहे.’

हे म्हणाले, ‘बरोबर आहे.’ आणि मला वाटलं, त्यांना हायसं झालं.

म्हणून वकिलालाच बाहेर आणलं. आणणारा एक चाळिशीचा उंच माणूस होता. एका हातात कुत्र्याचा पट्टा, दुसऱ्यात बिस्किटाचा पुडा. पुडा धरलेल्या हाताला चार बोटं होती. मी तुमच्या बंधूंकडे बघितलं नाही; दुसरीकडे बघितलं.

तो म्हणाला, ‘साहेब, हा तुमचाच असणार हे मी आधीच म्हटलं. पाळी बदलताना शिट्टी झाली, सगळे आपापल्या कामाला गेले, आणि हा एकटा जमायच्या जागेवर जाऊन बसला. एवढ्या वर्षांत तिथे वेळेवर बसलेला पहिलाच.’

त्यावर वकील बोलला, दोघांनाही उद्देशून, बराच वेळ.

मग तो माणूस बिस्किटाच्या पुड्याकडे बघत म्हणाला, ‘झाकण मीच काढलं होतं. तुम्ही तीनदा सांगून गेला होतात. निरोपाला तुम्ही आला नाहीत, मला वाटलं माझं तोंड बघायचं नाही तुम्हाला. पुढच्या रांगेत बसलो होतो मी.’

तुमच्या बंधूंनी एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पायांकडे. मग विचारलं, ‘बिस्किटं किती दिलीत?’

‘चार.’

‘साखर असते त्यात.’

‘हो साहेब.’

‘दुखतं का अजून?’

‘थंडीत जरा.’

एवढंच झालं. पण पट्टा हातात घेताना यांनी त्या माणसाचा हात जितका वेळ धरला तितका वेळ पट्टा घ्यायला लागत नाही. परत येताना त्याच रस्त्याने आलो, वळसा न घेता. वकील पुढे, अगदी कामावरून सुटल्यासारखा.

इथपर्यंत सगळं गोड झालं असं तुम्हाला वाटेल, वन्सं. मलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते झुलतं दार काढलं आणि जागा फळीने बंद केली. ते मला पटलं. मग पाट्या काढल्या. मग शिट्टी खणात गेली. शनिवारी अकरा वाजले, साडेअकरा वाजले, मी गॅस बंद करून वाट बघत उभी, काहीच नाही. धोक्यांची वही त्यांनी दोरीने बांधून माळ्यावर टाकली. तुमची जाकिटं घडी करून कपाटात ठेवली आणि म्हणाले, ‘ताईला एखादी चादर घे. चादरीने कुणाचं काही होत नाही.’ म्हणून ही चादर. खुलासा संपला.

घर आता पूर्ववत धोकादायक झालं आहे. मी द्राक्षं उघड्यावर ठेवते. शांतता आहे, माझं काम भराभर होतं, पाहुणे सरळ उभे राहून आत येतात. आठ महिने ज्या शांततेची मी तोंड मिटून वाट बघत होते, ती मिळाली. तेव्हा माझी काही तक्रार नाही. गुडघ्याला जपा. तिघांच्या पाठीवरून माझा हात फिरवा, धाकटीच्या लांबूनच.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. चादर उलगडताना जपून उलगडा. आत तीन जाकिटं आहेत. तुमच्या बंधूंना मी सांगितलेलं नाही.

ता. क. २. माझी तक्रार नाही असं वर लिहिलं ते खरं नाही. ते पुन्हा खुर्चीत बसू लागले आहेत. भिंतीकडे बघतात, आणि आता वकीलही शेजारी बसून भिंतीकडेच बघतो. काल मी मुद्दाम मशीनची वायर दारात आडवी सोडली. ते ती ओलांडून गेले. म्हणून एक विनंती, आणि या पत्रात खरी हीच: कृपा करून त्यांना एक पत्र लिहा. तुमची मागची भिंत बुटकी आहे आणि मधला तिच्यावरून उडी मारतो असं काहीतरी लिहा. तो उडी मारत नसेल तर मारायला शिकवा. भिंत नसेल तर बांधा. ते लगेच निघतील, महिनाभर राहतील, तुमच्या घरात ओणवं होऊन वाचावं लागेल, तेवढं माझ्यासाठी सोसा. आणि हे मी सुचवलं असं त्यांना मरेपर्यंत कळू देऊ नका.

ता. क. ३. (वेगळ्या अक्षरात) ताई, पार्सल नीट बांधलेलं नव्हतं, म्हणून सोडून पुन्हा बांधलं. पत्र तुझं आहे, मी वाचलेलं नाही. मागच्या भिंतीची उंची कळव. आतून आणि बाहेरून, दोन्ही.